गिरणीच्या पिठाची अंगाला सवय का होत नाही?

प्रश्न : आमचे हे गेली अकरा वर्षं पिठाची गिरणी चालवतात. त्याआधी सासऱ्यांनी तीच गिरणी चाळीस वर्षं चालवली, त्यांना कधी साधा खोकला झाला नाही. यांनाही पहिली सात-आठ वर्षं काही त्रास नव्हता. मग सकाळच्या शिंका सुरू झाल्या, आणि आता वर्षभर रात्रीचा खोकला, छातीत सूं-सूं आवाज. गावाकडे लग्नाला आठवडाभर गेलो, की एकदम बरं वाटतं. डॉक्टर म्हणाले, पिठाची अ‍ॅलर्जी आहे, त्यातून दमा झाला. पण हे रोज गव्हाच्या पोळ्या खातात, त्याचं काही होत नाही! शेजारपाजारचे म्हणतात, अंगात मुरलं की सवय होईल. पुतण्या सांगतो, शहरात अ‍ॅलर्जीवर त्याच वस्तूची इंजेक्शनं देऊन सवय करतात. मग अकरा वर्षं पीठ नाकातोंडात जाऊनही सवय का झाली नाही?
— एक वाचक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तुमच्या एका पत्रात चार प्रश्न आहेत. सासऱ्यांना झालं नाही ते यजमानांना का झालं, नाकातून बाधणारं पीठ पोटात का चालतं, जुनी वस्तू अचानक का बाधू लागली, आणि ज्या वस्तूने दुखणं आणलं तीच औषध कशी ठरते. चारही प्रश्नांची गाठ ‘सवय’ या एका शब्दात आहे, म्हणून आधी तो शब्द सोडवू.

आपण ‘सवय झाली’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा मेंदूची सवय सांगत असतो. गिरणीत पाऊल टाकलं की पहिल्या मिनिटाला ताज्या पिठाचा गरम वास येतो, पाच मिनिटांनी तो जाणवत नाही. वास तिथेच असतो, मेंदूने त्याची दखल घेणं थांबवलेलं असतं. शरीराच्या प्रतिकारयंत्रणेची सवय मात्र निराळी. एखादा पदार्थ परका असला तरी निरुपद्रवी आहे, त्याच्याशी भांडायचं नाही, हे तिच्या पेशींना शिकावं लागतं. शास्त्रीय मराठीत याला सहिष्णुता म्हणतात. ही सहिष्णुता नुसत्या सहवासाने येतेच असं नाही. सहवासाने नेमकं उलटंही होऊ शकतं, आणि ते एकदा फार ठसठशीतपणे दिसून आलं आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ मोनॅकोच्या राजाच्या जहाजावरून समुद्रसफरीला गेले होते. समुद्रातल्या डंख मारणाऱ्या प्राण्यांच्या विषाचा अभ्यास तिथे सुरू झाला. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचं विष घेऊन कुत्र्यांवर प्रयोग केले. थोडं थोडं विष टोचत गेलं की कुत्रे ते पचवू लागतील, असा त्यांचा अंदाज. तुमचे शेजारी म्हणतात तेच, अंगात मुरेल. नेपच्यून नावाच्या कुत्र्याने पहिला डोस सहज सोसला. काही आठवड्यांनी त्याला पुन्हा तेवढाच डोस दिला, तर तो अर्ध्या तासाच्या आत मेला. संरक्षण मिळण्याऐवजी शरीर अधिक हळवं झालं होतं. 1902 साली त्यांनी हे जगापुढे मांडलं आणि या कामासाठी रिशे यांना 1913 चं नोबेल मिळालं. पुढे 1906 मध्ये व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द घडवला. त्यांना त्यात ‘बदललेली प्रतिक्रिया’ एवढंच सांगायचं होतं. तो बदल कोणत्या बाजूला होईल, हे त्या शब्दात ठरलेलं नाही.

आता गिरणीत येऊ. पीठ पडतं त्या तोंडाला कापडाची बाही बांधलेली असते, पण गिऱ्हाईक डबा पुढे करतं तेव्हा ती बाजूला होतेच. डबा भरला की पीठ बसावं म्हणून तो दोनदा जमिनीवर आपटतात. त्या वेळी जो पांढरा लोट वर येतो, तो थेट गिरणीवाल्याच्या तोंडावर. पापण्यांवर दिसतं ते जाड पीठ. त्याची फार चिंता नको, ते नाकात अडकतं. बारीक कण, विशेषतः 10 मायक्रॉनहून लहान, श्वासाबरोबर खाली श्वासनलिकांपर्यंत जातात. त्यांच्यात गव्हाची प्रथिनं असतात. धान्य जुनं असेल तर सोंडे, पोरकिडे आणि साठवणीच्या धान्यात होणारे सूक्ष्म कोळी यांचे अंशही असतात, आणि अ‍ॅलर्जी त्यांचीही होते.

श्वासनलिकेचं अस्तर म्हणजे एकमेकींना घट्ट चिकटलेल्या पेशींची भिंत. एरवी ही भिंत कण श्लेष्मात पकडून वर ढकलते. पण सर्दी-ताप, विडी-सिगारेट, धूर किंवा खुद्द धूळ यांनी ती खरचटली, की तिच्या पेशी धोक्याचे रासायनिक इशारे सोडतात. नेमक्या त्या वेळी गव्हाचं प्रथिन आत शिरलं, की पहारेकरी पेशी ते उचलून जवळच्या लसिका ग्रंथीत नेतात आणि तिथे त्याची नोंद ‘शत्रू’ म्हणून होते. मग त्या प्रथिनाविरुद्ध आयजीई नावाचे प्रतिपिंड तयार होतात. हे प्रतिपिंड 1960 च्या दशकात अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख यांनी स्वतंत्रपणे शोधले. आयजीई जाऊन मास्ट पेशींवर बसतात. मास्ट पेशी म्हणजे हिस्टामीनच्या भरलेल्या पिशव्याच. इथपर्यंत माणसाला काहीच जाणवत नाही. दारूगोळा भरून ठेवलेला असतो, ठिणगी पडलेली नसते.

यजमानांच्या सात-आठ निवांत वर्षांचा उलगडा इथे होतो. कामाच्या जागी होणारा दमा पहिल्या दिवशी सहसा येत नाही. काही महिने किंवा अनेक वर्षं शरीर हा चुकीचा धडा गुपचूप गिरवत असतं. ‘इतकी वर्षं चाललं, आता कसं बाधेल?’ हा युक्तिवाद म्हणून फसवा आहे, कारण अ‍ॅलर्जी व्हायला आधीचा सहवास लागतोच. आधी शिंका आणि नाक गळणं, मग खोकला आणि दमा, हा तुमच्या घरी दिसलेला क्रमही नेहमीचाच. बेकरीत काम करणाऱ्यांमध्ये तो इतका ओळखीचा आहे की ‘बेकरचा दमा’ असं नावच पडलं. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी 1700 साली कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला, त्यात पिठाच्या आणि धान्याच्या धुळीने दमणाऱ्या माणसांचं वर्णन आहे.

रात्रीच्या खोकल्याचाही हिशेब लागतो. पीठ श्वासात गेल्यावर पाव तासाच्या आसपास शिंका, छाती आवळणं हा पहिला झटका येतो आणि ओसरतो. पण मास्ट पेशींनी सोडलेल्या रसायनांच्या हाकेने रक्तातल्या आणखी पेशी, मुख्यतः इओसिनोफिल, श्वासनलिकेत जमतात आणि चार ते आठ तासांनी दुसरी लाट येते. गिरणी संध्याकाळी बंद होते आणि खोकला मध्यरात्री उठवतो, म्हणून माणूस पिठाला दोष देतच नाही. पंखा, दही, केळं, उशी यांच्यावर संशय घेत बसतो.

हे रोज घडत राहिलं तर? आजच्या लाटेची सूज उतरायच्या आत उद्याचं पीठ येतं. सुजलेलं अस्तर जास्त हळवं असतं. परागकणांची अ‍ॅलर्जी असलेल्यांना रोज मोजून परागकण हुंगायला दिले, तेव्हा दिसलं की दिवसागणिक कमी-कमी कणांत तेवढाच त्रास होऊ लागतो. म्हणजे या टप्प्यावर ‘थोडं थोडं घेत राहिलं की मुरेल’ हा सल्ला शब्दशः उलटा आहे. महिने-वर्षं दाह चालू राहिला, की नलिकांभोवतीचे स्नायू जाड होतात, अस्तराखालचा थर घट्ट होतो, श्लेष्मा बनवणाऱ्या पेशी वाढतात. मग धूर, थंड हवा, उदबत्ती, जोरात हसणं, कशानेही धाप लागते आणि पिठापासून दूर गेल्यावरही दमा पूर्ण जात नाही. मला या सगळ्या विषयात सर्वांत काळजी वाटते ती याच मुद्द्याची. आज तुमच्या यजमानांना गावी आठवडाभर गेल्यावर बरं वाटतं, ही चांगली खूण आहे. नलिका अजून मूळपदावर येऊ शकतात. त्रास सुरू झाल्यावर जितक्या लवकर धुळीचा मारा थांबतो, तितकं बरं होण्याचं प्रमाण चांगलं असतं.

इथे एक गैरसमज बाजूला करू. ‘प्रतिकारशक्ती कमी झाली म्हणून अ‍ॅलर्जी झाली’ असं सर्रास ऐकू येतं आणि लोक शक्तिवर्धक काढे नि गोळ्या आणतात. इथे शक्ती कमी नाही, ती चुकीच्या जागी खर्च होते आहे. दुसरा घोळ मिरचीचा. बऱ्याच गिरण्यांत शेजारीच मिरची कांडप असतं आणि तिथे सगळेच शिंकतात. ती अ‍ॅलर्जी नव्हे. मिरचीतलं तिखट द्रव्य नाकातल्या नसा झोंबवतं. तो त्रास पहिल्याच दिवशी आणि प्रत्येकाला होतो, त्याला आधीची ओळख लागत नाही. मात्र आधीच सुजलेल्या नलिकांना त्या झोंबण्यानेही धाप लागते, म्हणून कांडप आणि यजमानांची खुर्ची यांत अंतर हवं.

आता सासऱ्यांकडे वळू. अ‍ॅलर्जीकडे झुकणारी प्रकृती काही अंशी रक्तातून येते, आणि ती बापाकडून मुलाकडे जाईलच असं नाही. ती आईच्या बाजूनेही येऊ शकते. बालपणाचाही संबंध असावा. अमेरिकेत आमिश आणि हटराइट नावाचे दोन शेतकरी समाज आहेत, मुळं जवळपास सारखीच. आमिश घोड्यांच्या बळावर छोटी शेती करतात आणि त्यांची मुलं गोठ्यात वाढतात. हटराइटांची शेती यंत्रांची, मुलं गोठ्यापासून दूर. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आमिश मुलांमध्ये दम्याचं प्रमाण 5 टक्क्यांच्या आसपास आणि हटराइट मुलांमध्ये 21 टक्क्यांच्या आसपास असल्याचं मांडलं आहे. आमिश घरांतल्या धुळीत जिवाणूंचे अंश कितीतरी जास्त होते. लहानपणीच त्यांची गाठ पडलेली प्रतिकारयंत्रणा पुढे उगाच बिथरत नाही, असं यातून दिसतं. सासऱ्यांचं बालपण गाई-म्हशींत गेलं असेल, तर हे कारण त्यांनाही लागू पडू शकतं. पण म्हणून चाळिशीतल्या दमेकऱ्याला गोठ्यात झोपवून काही साधणार नाही. ती खिडकी बालपणीची.

आणि एक साधी गोष्ट नजरेतून सुटते. चाळीस वर्षं गिरणी चालवलेला माणूस आपल्याला दिसतो, कारण तो टिकला. ज्यांना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी धाप लागली त्यांनी धंदा सोडला, किराणा टाकला, शेतीकडे वळले. त्यांना आपण ‘जुने गिरणीवाले’ म्हणून मोजतच नाही. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्यांना ही चकवणारी बाब चांगली माहीत आहे. तेव्हा ‘जुन्या लोकांना कुठे काय झालं?’ या प्रश्नात अर्धे जुने लोक गैरहजर असतात.

पोळीचं कोडं मला विशेष आवडलं. वस्तू तीच, पण दार वेगळं. आतडं हे मुळात परक्या गोष्टी आत घेण्यासाठीच आहे. रोज किलोभर परकं अन्न तिथे येतं. तिथली प्रतिकारयंत्रणा भांडण टाळायला शिकलेली असते. शिवाय भाजण्याने आणि पचनाने गव्हाच्या बऱ्याच प्रथिनांचा आकार मोडतो, मग आयजीईला ती ओळखूही येत नाहीत. म्हणून पिठाने दमा झालेली बहुतेक माणसं पोळी-पाव निर्धास्त खातात. यजमानांची पोळी बंद करू नका, तिचा यात दोष नाही. पोळी खाल्ल्यावर अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं असं काही झालं, तरच डॉक्टरांना वेगळं सांगा.

मग शरीराला ‘भांडू नको’ असं सांगतं कोण? जपानचे शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये प्रतिकारयंत्रणेतल्याच एका वेगळ्या जातीच्या पेशी दाखवून दिल्या. इतर पेशींना आवरणाऱ्या, म्हणून त्यांना नियामक टी पेशी म्हणतात. 2001 मध्ये मेरी ब्रंकाऊ आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी या पेशी घडायला लागणारं जनुक शोधलं. या तिघांना 2025 चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. तुमच्या प्रश्नाचं मर्म या पेशींत आहे. अ‍ॅलर्जी असलेल्या माणसात त्या विशिष्ट वस्तूपुरता भांडखोर पेशींचा वरचष्मा असतो, आवर घालणाऱ्या कमी पडतात.

मधमाश्या पाळणाऱ्यांत हे छान दिसतं. हंगामात त्यांना डंखांवर डंख बसतात. युरोपातल्या मधपाळांचं रक्त तपासलं तेव्हा, हंगामाचे पहिले काही डंख बसल्यावर थोड्याच दिवसांत शांत करणाऱ्या पेशी पुढे सरसावलेल्या दिसल्या. हंगाम संपल्यावर दोन-तीन महिन्यांत चित्र पुन्हा पहिल्यासारखं झालं. वर्षाला शेकडो डंख खाणारे मधपाळ बरेचसे सुरक्षित असतात, मधूनच एखाद-दुसरा डंख खाणाऱ्यांना गंभीर अ‍ॅलर्जीचा धोका जास्त. आता हे वाचून कुणी म्हणेल, मग गिरणीवाल्याला भरपूर पीठ मिळतंच की! फरक असा, की डंख कातडीखाली जातो, पीठ खरचटलेल्या श्वासनलिकेत. तिथे आधीच धोक्याची घंटा वाजत असते. घंटा वाजत असताना आलेल्या पाहुण्याला कोणी मित्र समजत नाही.

पुतण्या म्हणतो ती इंजेक्शनं याच फरकावर उभी आहेत. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये लेनर्ड नून यांनी 1911 साली गवताच्या परागकणांचा अर्क अगदी सूक्ष्म मात्रेपासून वाढवत नेत रुग्णांना टोचला आणि त्यांची सहनशक्ती वाढल्याचं नोंदवलं. गंमत म्हणजे परागकणांत विष असतं अशी त्यांची समजूत होती. समजूत चुकीची, उपाय बरोबर. आज हे उपचार घरातल्या धुळीतले कोळी, परागकण, मधमाशीचं विष अशा ठराविक गोष्टींसाठी होतात. शुद्ध केलेलं प्रथिन, मोजलेली मात्रा, आधी दर आठवड्याला आणि मग महिन्याला, असं तीन ते पाच वर्षं. काहींसाठी जिभेखाली ठेवायचे थेंब वा गोळ्याही असतात. त्यातून नियामक पेशी वाढतात आणि आयजीजी-4 नावाचे दुसरे प्रतिपिंड बनतात. हे प्रतिपिंड प्रथिनाला वाटेतच धरतात, आयजीईपर्यंत पोचू देत नाहीत. हे शिक्षण आहे, आणि शिक्षणाला शांत वर्ग लागतो. दमा आटोक्यात नसताना ही इंजेक्शनं देत नाहीत. प्रत्येक टोचणीनंतर अर्धा तास दवाखान्यात बसवून ठेवतात, कारण जोराची प्रतिक्रिया येऊ शकते. गव्हाच्या पिठाच्या दम्यावर मात्र हा नेहमीचा उपचार नाही. तेव्हा ‘इंजेक्शन घेऊ आणि गिरणी तशीच चालवू’ असा बेत यजमानांनी मनात धरू नये.

त्यांच्या हातात जे आहे ते जास्त साधं आणि जास्त परिणामकारक आहे. गिरणी बंद करा असं मी पटकन म्हणणार नाही, घर त्यावर चालतं. पण मधल्या काळात दळायला दुसरा माणूस आणि हिशेबाला ते, अशी अदलाबदल करता येते का ते पाहा. पीठ पडण्याच्या तोंडाशी धूळ ओढून बाहेर टाकणारा पंखा बसवता येतो. डबा आपटणं बंद. झाडूने झाडणं आणि हवेच्या फवाऱ्याने यंत्र साफ करणं बंद, त्याऐवजी ओलं फडकं. उपरणं तोंडाला गुंडाळून बारीक कण अडत नाहीत, एन-95 मुखपट्टी नीट बसवून वापरावी. तीही दाढी वाढलेली असेल तर बाजूने गळते. गिरणीतले कपडे घरी अंथरुणावर येऊ देऊ नका.

औषधाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ‘पंप एकदा लागला की सुटत नाही’ हे तुमच्याही कानावर आलं असणार. दाह कमी करणाऱ्या पंपात औषधाची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ती थेट नलिकेत जाते. पंपाने व्यसन लागत नाही. बरं वाटल्यावर मधेच सोडल्याने दमा परततो, आणि दोष पंपावर येतो. पंप घेतल्यावर चूळ भरायची एवढं पथ्य. धाप लागून वाक्य पुरं बोलता येईना किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर मात्र सकाळची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचं.

शेवटचं काम आजच करण्यासारखं. औषधांच्या दुकानात पीक फ्लो मीटर नावाची फुंकायची छोटी नळी मिळते. दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी तीन फुंकर मारून सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा. असे किमान दोन आठवडे गिरणीचे आणि एखादा आठवडा-दोन आठवडे सुट्टीचे. गिरणीच्या दिवसांत आकडे खाली आणि सुट्टीत वर, असा फरक कागदावर दिसला की डॉक्टरांना अंदाज करावा लागत नाही, आणि ‘सवय होईल’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यांनाही ती वही दाखवता येईल. ताई, पुढच्या तपासणीला ती वही बरोबर न्या.